बॉक्सकारवर देवनागरी नाव : डिकॅलची चंदेरी झाक आणि शिरोरेषेचा प्रश्न

डभोईलाइन (बडोदे)

नमस्कार. मॉडेल रेल्वेची एचओ प्रमाणातील, म्हणजे १:८७ मापाची, मुळात चाळीस फुटी अमेरिकन बॉक्सकार (बंद मालडबा) माझ्या मेहुण्याने न्यू जर्सीहून आणून दिली, त्याला आता दोन वर्षे होत आली. तिच्यावरचा कारखान्याचा रंग आणि तिकडच्या रेल्वेचे नाव काढून तेथे माझ्या घरच्या मांडणीतील कल्पित रेल्वेचे नाव घालावे, अशी इच्छा आहे. मांडणीचे नाव मी ‘विश्वामित्री’ ठेवले आहे आणि या डब्याचा क्रमांक १८६२ ठरवला आहे, कारण त्या वर्षी गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम हा लोहमार्ग सुरू झाला आणि त्यावरचे डबे आरंभी बैल ओढत असत. तो मार्ग ७६२ मि.मी. रुंदीचा होता, १:८७ प्रमाणात ती रुंदी पावणेनऊ मि.मी.च भरते, आणि माझे रूळ साडेसोळा मि.मी.चे आहेत, हे मी जाणतो. चाळीस फुटी बॉक्सकार त्या मार्गावर कधी धावली नसती. तरीही एक डबा आपल्या गावच्या नदीच्या नावाचा असावा आणि ते नाव देवनागरीतच असावे, असे मनापासून वाटते.

पहिला प्रयत्न फसला, तो जसा घडला तसा सांगतो. जुना रंग न काढता मी त्यावरच तपकिरी मॅट रंगाचे दोन हात एअरब्रशने दिले. अक्षरे पांढरी हवी होती आणि कोणताही सामान्य प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, म्हणून एका दुकानातून पांढऱ्या डिकॅल कागदावर (पाण्यात भिजवून त्यावरची छापील फिल्म सरकवून चिकटवतात तो कागद) तपकिरी पार्श्वभूमी छापून घेतली आणि अक्षरांची जागा कोरी ठेवली. छापलेला तपकिरी आणि डब्याचा तपकिरी एकमेकांशी जुळले नाहीत. कापलेल्या कडेला कागदाची पांढरी रेघ दिसते. त्याहून वाईट म्हणजे डिकॅल वाळल्यावर त्याच्याखाली सर्वत्र चंदेरी झाक आली. दिव्याखाली डबा जरा तिरका धरला की शिळ्या दुधावर साय धरावी तसे दिसते. ‘विश्वामित्री’ या शब्दाची शिरोरेषा दोन रिव्हेटांच्या रांगांवरून जाते आणि दोन्ही ठिकाणी ती वर उचलली गेली आहे. इंग्रजी नावात एखादे अक्षर थोडे हलले तर खपून जाते, पण येथे सबंध शब्द एकाच रेघेला टांगलेला असल्याने ती रेघ वाकली की लहान मूलही बोट ठेवते.

माझे प्रश्न असे. हा रंग प्लास्टिकला इजा न होता कसा काढावा? पांढरी अक्षरे कशी मिळवावीत? आणि शिरोरेषा रिव्हेटांवरून सरळ कशी न्यावी? नाव दाराच्या उजव्या अंगास सुमारे ४२ मि.मी. लांबीचे आणि ८ मि.मी. उंचीचे हवे आहे. डाव्या अंगास क्रमांक आणि त्याखाली बारीक अक्षरांत वहनक्षमता व रिकाम्या डब्याचे वजन.

पडदाशाई (बडोदे, रावपुरा)

पस्तीस वर्षे स्क्रीन प्रिंटिंग केले. लग्नपत्रिका, बिल्ले, औषधाच्या बाटल्या, सगळे केले. मॉडेल रेल्वेचा नाद निवृत्तीनंतर लागला. तुमच्या प्रश्नांत माझ्या दोन्ही विषयांची गाठ पडते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चंदेरी झाक. मॅट रंगाचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसला तरी भिंगाखाली तो खरखरीत असतो. डिकॅलची पातळ फिल्म त्या खरखरीच्या टोकांवर टेकते आणि मधल्या खळग्यांत हवा अडकते. त्या हवेवरून उजेड परततो, तीच तुमची साय. म्हणून डिकॅल नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावायचे असते. रंग पूर्ण वाळल्यावर पारदर्शक ग्लॉसचे दोन पातळ हात द्यावेत, तो ग्लॉस निदान एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस वाळू द्यावा, त्यावर डिकॅल लावावे आणि सगळे आटोपल्यावर शेवटी मॅटचा हात देऊन चकाकी मारावी. हा क्रम पाळला असता तर तुमचे अर्धे दुखणे उद्भवलेच नसते.

लावण्याची रीतही जपून पाळावी लागते. डिकॅल कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंदच बुडवावे आणि काढून ओल्या टिपकागदावर मिनिटभर ठेवावे. आपोआप सुटेपर्यंत पाण्यात ठेवले तर त्याचा डिंक वाहून जातो. ते बोटाने उचलून नेण्यापेक्षा कागदासकट जागेवर न्यावे आणि ओल्या ब्रशने कागदावरून डब्यावर सरकवावे. मायक्रो सेट नावाचे द्रावण आधी डब्यावर लावतात. त्याला शिरक्यासारखा वास येतो आणि त्याने फिल्म जागेवर नीट बसते. मायक्रो सोल हे दुसरे द्रावण मात्र जोरकस असते. ते वरून लावल्यावर फिल्म मऊ पडून रिव्हेटांभोवती उतरते. लावल्यानंतर काही मिनिटांनी डिकॅलवर सुरकुत्या पडतात आणि माणूस घाबरून बोट लावतो. तेथेच अक्षर फाटते. तासभर त्याकडे पाहूच नये. ते आपोआप ताणून बसते. दुसऱ्या दिवशी कोठे बुडबुडा राहिलेला दिसला तर अगदी बारीक सुईने टोचून तेथे पुन्हा एक थेंब सोडावा. रिव्हेटांवर हे दोन-तीनदा करावे लागते.

आता पांढरी शाई. पूर्वी आल्प्स कंपनीचे प्रिंटर पांढरे छापत असत, पण त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले. पांढऱ्या टोनरचे लेझर प्रिंटर आहेत, पण एका डब्यासाठी तो खर्च कोणी करावा? माझ्या मते स्क्रीन हाच मार्ग. पारदर्शक डिकॅल कागदावर, सेंटिमीटरला १२० धाग्यांच्या जाळीतून, पांढऱ्या शाईचे दोन हात छापावेत; एकाच हातात खालचा तपकिरी रंग पांढऱ्यातून डोकावतो. दुसरा हात पहिल्याच्या नेमका वर बसला पाहिजे, तेथे घाई नडते. आणखी एक गोष्ट छापणाऱ्याला आवर्जून सांगावी लागते : शाई डिकॅलच्या द्रावणात विरघळते की नाही, हे आधी एका तुकड्यावर पाहावे. मी पहिल्यांदा ते पाहिले नव्हते आणि एक अख्खा ताव वाया गेला.

एक इशारा. या पद्धतीत ०.२ मि.मी.पेक्षा बारीक रेघ धरवत नाही. प्रत्यक्ष डब्यावरचे चार इंची अक्षर १:८७ मध्ये १.१७ मि.मी. होते आणि दोन इंची अक्षर ०.५८ मि.मी. त्या उंचीत अंक व रोमन लिपीतील मोठी अक्षरे कशीबशी उभी राहतात. देवनागरीत मात्र मात्रा, वेलांटी आणि शिरोरेषा एकमेकींत मिसळून सारा पांढरा ठिपका होतो. म्हणून वहनक्षमता आणि वजन नुसत्या अंकांत ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्वाल्हेरकर

रंग काढण्यापुरते लिहितो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्य तर ९९ टक्क्यांचे, एका झाकणाच्या डब्यात घेऊन त्यात बॉक्सकारचा फक्त सांगाडा बुडवावा. चाके, कपलर (डबे जोडणारे आकडे) आणि धातूचे भाग आधी काढून ठेवावेत. अर्ध्या-एक तासाने जुन्या दात घासायच्या ब्रशने हलके घासावे. प्रथम तळाच्या बाजूस, जेथे कोणाचे लक्ष जाणार नाही तेथे, चाचणी घ्यावी. रंगवाल्याकडचा थिनर किंवा अॅसिटोन मात्र कोणी कितीही सांगितले तरी वापरू नये, कारण त्यात डब्याचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, विरघळते आणि रिव्हेटांसकट सगळे तपशील पुसले जातात. काही जण डेटॉलमध्ये बुडवतात आणि त्याने अॅक्रिलिक रंग निघतो हेही खरे, पण बाहेर काढून सरळ पाण्याखाली धरले तर रंगाचा चिकट लगदा होऊन तो सांध्यांत बसतो. आधी डेटॉलनेच घासून रंग पूर्ण काढावा लागतो, मग साबणाचे पाणी.

हार्डवेअरच्या दुकानातील रेड ऑक्साइडची छटा अगदी मालडब्याची असते, म्हणून तो वापरण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. त्याची भुकटी इतकी जाड असते की १:८७ मध्ये डबा विटेचा दिसू लागतो. मॉडेलचाच रंग घ्यावा आणि त्यात किंचित पांढरा मिसळावा. लहान वस्तूवर रंग मुळापेक्षा गडद भासतो.

क्रमांकाविषयी आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सुचवतो. पुढचा डबा भारतीय करावयाचा असेल तर पन्नास फुटी बॉक्सकार घ्यावी. आपल्या बीसीएन या झाकलेल्या मालडब्याची लांबी कपलरांसह १:८७ मध्ये सुमारे १७७ मि.मी. भरते, त्यामुळे प्रमाण जुळते. सरकती दारे काढून बिजागरीची करावी लागतात, एवढेच. त्यावरचा अकरा अंकी क्रमांक मनाने घालू नये. पहिले दोन अंक डब्याचा प्रकार सांगतात आणि झाकलेल्या डब्यांसाठी ते ३० ते ३९ असतात. पुढचे दोन मालक रेल्वेचे, पश्चिम रेल्वेसाठी ०८. मग बांधणीच्या वर्षाचे दोन, डब्याचे स्वतःचे चार आणि शेवटी पडताळ्याचा एक. सम स्थानांवरील अंकांची बेरीज तिप्पट करून तीत विषम स्थानांवरील अंकांची बेरीज मिळवावी, आणि पुढच्या दशकाला जेवढे कमी पडते तो पडताळ्याचा अंक. उदाहरणार्थ ३१०८९९४२१५ यात सम स्थानांची बेरीज २५, तिची तिप्पट ७५, विषम स्थानांची १७, मिळून ९२. म्हणून शेवटचा अंक ८. बघणाऱ्यांपैकी रेल्वेतला एखादा माणूस हा हिशेब मनातल्या मनात करतो आणि तो जुळला की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, त्यासाठी एवढे कष्ट घेण्यासारखे आहेत.

डभोईलाइन (बडोदे)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अल्कोहोलने रंग निघाला. केवळ छताच्या कडेला थोडा राहिला आहे. पडदाशाई काका, क्रमांक आणि अंकांसाठी स्क्रीनचा मार्ग पटला. नावाबद्दल मात्र शंका उरते. फिल्म कितीही मऊ पडली तरी ४२ मि.मी. लांबीची, पाऊण मि.मी. जाडीची शिरोरेषा दोन रिव्हेटरांगांवरून नेताना ती ताणली जाऊन लहरी होणार नाही काय? शब्दाचे तुकडे करून लावले तर जोड दिसतील, अशी भीती वाटते.

अक्षरवळण (पुणे, पूर्वी बडोदे)

बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकत असताना अक्षरांचा नाद लागला आणि तो सुटला नाही. दादा, तुमची शंका रास्त आहे. पण उपाय डिकॅलच्या बाहेर शोधावा, असे मला वाटते.

प्रथम अक्षरांकडे पाहू. ‘विश्वामित्री’ हा शब्द कठीण आहे. दोन ऱ्हस्व वेलांट्या आणि एक दीर्घ, अशा तीन कमानी शिरोरेषेच्या वर जातात. ‘श्व’ आणि ‘त्र’ ही जोडाक्षरे आहेत. छापील पुस्तकाचा टंक घेतला तर त्यातील बारीक रेषा ८ मि.मी. उंचीतही तुटतील, म्हणून जाड-बारीक फरक नसलेला, एकाच जाडीच्या रेषेचा टंक घ्यावा आणि वेलांटीचे पोट थोडे मोकळे करावे. ‘श्व’मध्ये ‘श’ची गाठ आणि ‘व’चे पोट यांमधील फट निदान अर्धा मि.मी. राहील असे पाहावे, नाहीतर रंगानंतर ती बुजते.

दुसरे, शिरोरेषा अखंड हवीच असे नाही. बडोद्याजवळ बाजवा स्थानकाच्या बाजूस उभ्या असलेल्या मालगाडीचे डबे जवळून पाहा. त्यांवरची ‘प रे’ (पश्चिम रेल्वे) ही अक्षरे पत्र्याच्या स्टेन्सिलमधून मारलेली असतात आणि स्टेन्सिलचे पोट गळून पडू नये म्हणून मध्ये पूल सोडावे लागतात. त्यामुळे प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी आणि जागोजाग तुटलेली असते. मालडब्यावरच्या अक्षरांचा हा खरा चेहरा आहे. तुम्ही ‘वि’, ‘श्वा’, ‘मि’ आणि ‘त्री’ अशी चार सुटी अक्षरे घेतली आणि त्यांमधल्या फटी नेमक्या रिव्हेटांच्या रांगांवर येतील अशी मांडणी केली, तर शिरोरेषेला रिव्हेट ओलांडावेच लागणार नाही.

परंतु अखंड रेघच हवी असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून ती हवी आहे असे दिसते, तर उलट मार्गाने जावे. डब्याच्या उजव्या अंगावर जेथे नाव येणार तेथे आधी पांढरा रंग मारावा आणि पूर्ण वाळू द्यावा. गाड्यांचे नंबर कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडून तुमचा शब्द पातळ व्हिनाइलमध्ये त्या मापाने कापून घ्यावा आणि तो पांढऱ्यावर चिकटवावा. रिव्हेटांवर तो दातकोरणीच्या बोथट टोकाने दाबून बसवावा. त्यावर पुन्हा पांढऱ्याचाच एक पातळ हात द्यावा. ही पायरी कोणी टाळू नये. कडेखालून जो रंग झिरपायचा तो पांढराच झिरपतो आणि फट बंद होते. मग तपकिरी रंगाचे पातळ हात द्यावेत आणि तो कडक होण्यापूर्वी, म्हणजे शेवटच्या हातानंतर अर्ध्या-पाऊण तासात, व्हिनाइल काढावे. जी शिरोरेषा डिकॅलमध्ये तुम्हाला छळत होती ती येथे उपयोगी पडते : सबंध शब्द तिला जोडलेला असल्याने चिकटवतानाच सरळ बसतो, आणि एका टोकाला चिमट्याने धरून ओढले की चारही अक्षरे एकापाठोपाठ निघून येतात. रोमन नावाचे प्रत्येक अक्षर सुटे चिकटवावे आणि सुटे उचलावे लागते.

व्हिनाइल चिकटवण्यापूर्वी रिव्हेटांच्या खालच्या पट्टीला समांतर अशी मास्किंग टेपची पट्टी लावून घ्यावी आणि शिरोरेषा तिला टेकवावी. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. छताचा उतार डोळ्यांना फसवतो.

ग्वाल्हेरकर

वरील पद्धत उत्तम आहे. फक्त बडोद्याच्या पावसाळ्याचा विचार करावा. हवा दमट असताना लॅकरचा रंग किंवा ग्लॉस मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि रंग दुधाळ पडतो. मॅट वार्निश तर अशा दिवशी पांढरे पडल्यावाचून राहत नाही. कोरडी दुपार पाहून काम करावे, कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर बसवावा, आणि आधी प्लास्टिकच्या चमच्यावर एक फवारा मारून पाहावा. दाब १५ ते २० पीएसआय, नोझल ०.३ मि.मी., अंतर चार ते सहा इंच आणि रंग दुधाइतका पातळ, हे प्रमाण मला नेहमी पुरते.

डभोईलाइन (बडोदे)

काम झाले, म्हणून सविस्तर कळवतो. तीन दिवस पाऊस थांबण्याची वाट पाहिली. राखी प्रायमर, मग उजव्या अंगास पांढरा, त्यावर व्हिनाइल. रेडियमवाल्याने पहिल्यांदा जो शब्द कापला त्यात ‘त्री’च्या वेलांटीचे पोट मशीनच्या पात्याने फाडून टाकले होते. अक्षरवळण ताईंनी सांगितल्याप्रमाणे ते पोट मोकळे करून पुन्हा कापून घेतले. पांढऱ्याचा दुसरा हात दिल्यानंतर तपकिरी रंगाचे चार पातळ हात दिले आणि चाळीस मिनिटांनी ‘वि’च्या बाजूने ओढले. ‘मि’पर्यंत सगळे अलगद निघाले, ‘त्री’चे शेपूट दुसऱ्या रिव्हेटरांगेवर थोडे अडकले आणि तेथे गव्हाच्या टोकाएवढा तपकिरी रंग उखडला. तो शून्य नंबरच्या ब्रशने भरला. शिरोरेषा दोन्ही रांगांवरून सुतासारखी सरळ गेली आहे. अक्षरांच्या कडेला तपकिरी रंगाची जी बारीक पायरी उरली होती ती ग्लॉसनंतर २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने जवळजवळ गेली.

डाव्या अंगाचा १८६२ हा क्रमांक आणि वजनाचे अंक पडदाशाई काकांनी स्वतः छापून दिले, तेही पांढऱ्याच्या दोन हातांत. ग्लॉसवर लावल्याने या वेळी चंदेरी झाक मुळीच आली नाही. केवळ ‘८’च्या पोटात एक बुडबुडा राहिला होता, तो सुईने आणि दोन थेंबांनी बसला. मॅटचा हात मात्र अजून दिलेला नाही, कारण काल चमच्यावर मारून पाहिला तो दुधाळ पडला.

काकांनी अंकांची छपाईची फ्रेम अद्याप धुतलेली नाही. तिच्यावर ० ते ९ हे देवनागरी अंक २.६ मि.मी. आणि १.२ मि.मी. अशा दोन उंचींत आहेत आणि डिकॅल कागदाचे दोन ताव शिल्लक आहेत. कोणास हवे असल्यास येत्या रविवारपर्यंत येथेच लिहावे, म्हणजे काका त्याच बैठकीत छापून ठेवतील.